आक्काच्या हातावरचा चट्टा

मंडळी, आज सकाळी निपाणीहून आक्काचा फोन आला. ती फिजिओथेरपिस्ट आहे. "गुडघ्यावर फिरवायच्या अल्ट्रासाऊंड मशीनचं हेड लई तापतंय रं, जरा येऊन बघ."

मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात अशाच मशिनी दुरुस्त करतो. रजा टाकून गेलो.

त्या हेडमध्ये सिरॅमिकची चकती असते. विजेनं ती थरथरते, आणि थोडी वीज उष्णता होऊन वाया जातेच. पण आक्काच्या चकतीला तडा गेलता. त्यामुळं थरथर कमी आणि उष्णताच जास्त.

"कुणाला भाजलं न्हाय ना?" मी विचारलं.

"छ्या! आधी माझ्या हातावर लावून बघते की."

तिनं बाही वर केली. मनगटाच्या वर लालभडक चट्टा!

मी तिच्यावर लई ओरडलो. मग मेडिकलमधून मलम आणून लावलं. ती हसत म्हणाली, "आटप रं, बाहेर पेशंट आजी थांबल्यात."

आजींच्या गुडघ्याचा व्यायाम तिनं हातानंच करून घेतला. तोवर मी ते हेड गुपचूप माझ्या पिशवीत टाकलं. तिथंच ठेवलं असतं, तर आक्कानं उद्या परत हातावर लावून बघितलं असतं.

तुमच्या घरात आहे का असं कुणी, आधी स्वतःला चटका लावून घेणारं? आज त्यांचे हात जरा निरखून बघा.