आईने सांगितलेलं दुखणं

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पप्पांच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले, त्याच दिवशी आईने आळीत जाहीर केलं, "यांच्या फुप्फुसात बुरशी झालीय." डॉक्टरांनी बुरशीचं नावही काढलं नव्हतं. पण आमच्या निर्मळ गावात टीबीवाल्याच्या वाडीतली केळी कोणी घेतली नसती, आणि लग्नाच्या मांडवात त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली असती. बुरशीला कोण घाबरतं? ती पावालाही येते. कुजका पेंढा उपसताना श्वासातून गेली, असा पुरावाही आईने जोडून दिला. शेजारीपाजारी हळहळले आणि निर्धास्तपणे चहा पिऊन गेले.

टीबीच्या गोळ्या गुपचूप सुरू झाल्या. खोकला मात्र हटेना. उलट रक्त पडू लागलं, चार पावलं चाललं तरी पप्पांच्या छातीतून शिट्टी वाजायची. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं म्हणणं एकच: जंतू सापडलाय म्हणजे कारण सापडलं, पेशंटच गोळ्या बुडवत असणार. पप्पा बिचारे वेळच्या वेळी गिळत होते आणि वाळत चालले होते. ते आता हातचे जातात, अशी मला भीती वाटू लागली.

शेवटी वसईतल्या छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दार उघडंच होतं, आणि बाहेर पुढच्या नंबरला नेमकी आमच्या आळीतली शेजारीण.

"काय होतंय यांना?" बाईंनी विचारलं.

आईने दाराकडे पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "फुप्फुसात बुरशी आहे."

मी कपाळाला हात लावला. बाईंनी टीबीचे कागद चाळले, पेंढ्याची बारीक चौकशी केली आणि म्हणाल्या, "दोन्ही असू शकतं. श्वासनळीत दुर्बीण घालून बघायला हवं."

दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यात टीबी निघाला आणि बुरशीही. बाईंनी आईचे आभार मानले. दोन्हींवर औषधं सुरू झाली, पप्पांना हळूहळू दम पुरू लागला. आम्हाला केवढा आनंद! आई मात्र धास्तावली. आपण खोटं बोललो म्हणूनच देवाने ती बुरशी धाडली, अशी तिची खात्री.

रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेआधी ती जाळीपलीकडे बसलेल्या फादरकडे पापांची कबुली द्यायला गेली.

"काय म्हणाले फादर?" मी विचारलं.

"म्हणाले, बुरशी निघाली ना खरंच? मग ते खोटं कसलं?"

"मग झालं तर!"

"मी म्हटलं, फादर, पण टीबी लपवला ना."

"मग?"

"देवाने माफ केलं म्हणाले," आई म्हणाली. "जाळीपासून खुर्ची मागे सरकवून."