‘कौल’ म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं

आज सकाळी नेदरलँड्समधल्या युट्रेख्टहून मामेबहिणीचा, सईचा फोन आला. ती मराठे आणि डच व्यापाऱ्यांमधल्या एका जुन्या तहावर प्रबंध लिहितेय. त्या तहातल्या ‘कौल दिला’चा अर्थ मी तिला ‘निकाल दिला’ असा ठामपणे सांगितला होता.

“ताई, डच प्रतीत तिथे संरक्षणाचं वचन आहे. म्हणून त्या काळची मराठी पत्रं काढून वाचली. सगळीकडे कौल म्हणजे अभयच! सोमवारी प्रबंध द्यायचाय आणि अख्खं प्रकरण तुझ्या ‘निकाला’वर उभं आहे.”

मी हादरले. कामावर मी मशिन्सच्या चाचणीतला न तपासलेला एक आकडाही पुढे पाठवत नाही. इथे मातृभाषा आहे म्हणून शब्दकोशसुद्धा उघडला नव्हता.

“मी काही मदत करू?”

“नको! तू तुझी मशिन्सच बघ.”

ती प्रकरण पुन्हा लिहितेय. मराठीतला कुठला शब्द तुम्ही इतक्याच खात्रीने चुकीचा सांगितलाय?