कारखान्यातून थेट आमच्या घरी

आदिलाबादच्या मुख्य रस्त्यावर सोलारचं एक दुकान आहे. दुकानदार सगळ्यांशी हिंदीत बोलतो आणि सगळ्यांना सर म्हणतो. मी त्याला विचारलं, या इन्व्हर्टरची लहर शुद्ध साइन आहे का? तो म्हणाला, "सर, एकदम शुद्ध. गॅरंटी." मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. त्या उत्तरानं माझा केवढा अपमान झाला, हे त्याच्या गावीही नव्हतं.

आमचं घर गावाबाहेरच्या नव्या वस्तीत आहे. उन्हाळ्यात भर दुपारी, नेमका कूलर लागतो तेव्हा, तिथला ट्रान्सफॉर्मर मान टाकतो. म्हणून सोलार घ्यायचं ठरलं होतं. दुकानातून परतलो तो मी घरात जाहीर करून टाकलं, की सामान थेट परदेशातल्या कारखान्यातून मागवायचं. मधले लोक नकोत.

"काऊन? तो दुकानवाला काय वाईट हाय?" बायकोनं विचारलं.

"त्याले शास्त्र समजत नाई."

"त्याले कायले समजाले पायजे? बटन दाबलं का चालाले पायजे."

माझे वडील तहसील कचेरीतून निवृत्त झालेत. त्यांची अडचण वेगळी होती. "माल बिघडला तं फिर्याद कोनापाशी कराची?"

"ईमेल कराचा, बाबा."

"ईमेल," ते म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

मला मात्र चीनमधल्या एका कारखान्यातली विक्री विभागातली बाई ऑनलाइन भेटली होती. तिलाही मी लहरीचाच प्रश्न टाकला. चहा निवायच्या आत आलेख हजर. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'प्रिय मित्रा, तुझा प्रश्न फार खोल आहे.' इतक्या वर्षांच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्यानं मला असं म्हटलं नव्हतं. मी लगेच आणखी खोल प्रश्न विचारायला घेतले. बाई प्रत्येकाचं उत्तर देत होती आणि प्रत्येक वेळी माझं कौतुक करत होती. विकणाऱ्याला हे करावंच लागतं, एवढी अक्कल मला होती. पण त्या अकलेचा उपयोग करावासा वाटत नव्हता.

बायकोनं एकदा खांद्यावरून वाकून ते 'प्रिय मित्रा' वाचलं. माझ्या हातातून फोन घेतला आणि बाईला विचारलं, तुला लेकरं किती? उत्तर आलं की एक मुलगी आहे, ती गावी आजीजवळ असते. इथं कारखान्याच्या शहरात उंच इमारतीत एक खोली आहे, तिथं मुलीला ठेवणं जमत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या दोघींचं परस्पर सुरू झालं. बायको भाषांतराच्या ॲपमध्ये आमची मराठी बोलायची, ॲप त्यातून भलतंच काहीतरी काढायचं, तरी दोघींना एकमेकींचं समजायचं. मी वीजदाबाबद्दल काही विचारलं तर बाईचं उत्तर यायचं, 'तुझ्या पत्नीला सांगितलं आहे.'

शेवटी इन्व्हर्टर आणि बॅटरी मागवली. पॅनलची काच वाटेत फुटेल, ती तुमच्या गावातच घ्या, असं बाईनंच सुचवलं. म्हणजे मी परत त्याच दुकानात. दुकानदारानं पॅनल काढून दाखवले आणि अदबीनं विचारलं, "सर, इन्व्हर्टर?"

"वो आ रहा है," मी म्हणालो. कुठून ते सांगायची माझी फार इच्छा होती, पण त्यानं विचारलंच नाही.

माल चेन्नईच्या बंदरात आला आणि तिथंच बसला. तो सोडवायला एक एजंट लागला. त्या एजंटाचा हैदराबादला एक माणूस होता, त्या माणसाच्या ओळखीचं एक ट्रान्सपोर्ट होतं आणि त्या ट्रान्सपोर्टला भाड्याची एक लॉरी लागत होती. यांतला प्रत्येक जण मला फोनवर विचारायचा, "सर, धंधे के लिए है क्या?" घरासाठी आहे म्हटलं की पलीकडचा आवाज एकदम मऊ व्हायचा. बहुतेक माझी कीव येत असावी.

लॉरी आदिलाबादला आलीच नाही. तिला आमच्या अलीकडच्या भैंशाहून कापसाच्या गाठी भरायच्या होत्या, म्हणून ड्रायव्हरनं आमचं खोकं तिथल्या एका जिनिंगच्या आवारात उतरवून दिलं. मी जीप ठरवली, तर वडील आधीच टोपी घालून पुढच्या सीटवर बसलेले. आवारात पोचलो तेव्हा खोक्यावर सरकीचा भुगा आणि रुई साचली होती, आणि चौकीदार त्यावरच डबा उघडून जेवत होता. वडिलांनी त्याला उठवलं नाही. त्याचं जेवण होईस्तोवर ते खोक्याभोवती हात मागं बांधून फिरले, जुन्या सवयीनं रीतसर मुआयना केला आणि म्हणाले, "सील शाबूत हाय. घे."

घरी खोकं उघडलं. माहितीपुस्तिका संपूर्ण चिनी. यंत्राला तात्पुरती बॅटरी जोडली तर आतून एक बाई चिनीत खडसावून बोलली आणि लाल दिवा लागला. ओळखीच्या इलेक्ट्रिशियननं दोन पावलं मागं घेतली. "हे आपल्याकून नाई व्हत, सर." गच्चीवर पॅनल बसवत असलेल्या दुकानदाराला मी खाली बोलावलं. त्यानं यंत्र सगळीकडून पाहिलं. "सर, ये तो आपही का विषय है," तो म्हणाला. मनात काही ठेवून बोलला असं वाटलं नाही, त्यामुळं जास्तच लागलं.

बायकोनं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर ती बाई, मागं यंत्रांच्या रांगा, शेजारी टोपीवाला एक इंजिनिअर. वडिलांनी फोनसमोर येऊन हात जोडले. "नमस्कार. जेवल्या का?"

ॲपनं ते कसं सांगितलं कोण जाणे, बाई खळखळून हसली आणि तिनं आपला डबाच उघडून दाखवला.

मग काम सुरू झालं. इंजिनिअर चिनीत सांगायचा, बाई इंग्रजीत, मी दुकानदाराला हिंदीत, आणि दुकानदार आपल्या कामगाराला तेलुगूत. वायर सापडली की सगळं उलट्या क्रमानं परत जायचं. मधेच बायको म्हणाली, "तो पिवळं बटन दाखवून राह्यला, तुमी कवाचे वायरच सांगून राह्यले." तिनं पिवळं बटण दाबून धरलं. यंत्रातली बाई इंग्रजीत बोलू लागली, दिवा हिरवा झाला, कूलर घुमला. पलीकडे इंजिनिअरनं टाळ्या वाजवल्या. मी कारखान्याच्या पानावर पाचही तारे दिले आणि वर एक परिच्छेद लिहिला.

तो परिच्छेद मी फेब्रुवारीत लिहिला होता. मे महिन्यात आमच्याकडे ऊन असं पडतं की ते यंत्र तापतं आणि स्वतःच्या जिवाला जपून बंद होतं. ट्रान्सफॉर्मरही तेव्हाच जातो. आता दुपारी आम्ही टेबलफॅन यंत्राकडे तोंड करून ठेवतो आणि स्वतः पेपरनं वारा घेतो. मी कुणाकडे तक्रार केली नाही. दुकानदार भेटला की विचारतो, "सर, चल रहा है?" मी म्हणतो, "एकदम."

गेल्या हिवाळ्यात बाईनं नोकरी सोडली. मुलीजवळ राहायला गावी गेली. ही बातमी बायकोला आली. मला फक्त तिच्या जागी आलेल्या कुणाचातरी 'प्रिय ग्राहक' म्हणून नमस्कार आला.

नंतर एका रविवारी त्या बाईचा मला स्वतंत्र निरोप आला. गावच्या घराला छप्पर स्वतःचं आहे, त्यावर सोलार बसवायचं आहे. इतकी वर्षं इन्व्हर्टर विकला, पण स्वतः वापरला कधीच नाही. 'आता मी कारखान्यात नाही. खरं सांग, तो इन्व्हर्टर कसा आहे?'

मी बराच वेळ लिहीत आणि पुसत बसलो. शेजारी वडील पेपर वाचत होते. मी त्यांना विचारलं, काय कळवू?

"लेकुरवाळी बाई हाय," ते म्हणाले. "खरं हाय तेच लिव."

मी लिहिलं, 'यंत्र चांगलं आहे. फक्त त्याला ऊन सोसत नाही.'

उत्तरात आधी हसरे चेहरे आले, मग बर्फानं झाकलेल्या अंगणाचा फोटो. तिनं तेच यंत्र घेतलं. बायको सांगते, तिचं अजून एकदाही बंद पडलेलं नाही.