पानचट रंग

अ‍ॅक्रिलिक रंग बाटलीतून थेट लावू नका, ताटलीत थेंबभर घ्या, पाणी मिसळून दुधासारखा करा, पहिला हात वाळला की दुसरा द्या. हे सांगणारे व्हिडिओ मी तोंडपाठ केले होते. तरीही बाबांच्या बैलावर मी रंग थापला, कारण बाबा शेजारी बसून हुकूम सोडत होते.

बैल तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं मिरवतात तसला, सागाच्या लाकडाचा, मुठीत मावेल एवढा. बाबांच्या थोरल्या भावाने तो चाकूने कोरला होता आणि त्याच वर्षी भाऊ तापाने गेला. त्याचा ना फोटो, ना कपडा. हा बैल तेवढा उरला. चाकू घसरून बैलाच्या डाव्या कानाला खाच पडली होती. काचबिंदूने बाबांचे डोळे गेले, तेव्हापासून ते दुपारी खाटेवर पडून अंगठ्याने आधी ती खाच शोधायचे, मग बैलाचा डोळा. दोन्ही सापडली की झोपायचे.

मी नुकतीच हौसेने बोटभर बाहुल्या रंगवायला शिकत होते. पोळा जवळ आला तसे बाबा म्हणाले, “बैलाले रंग देऊन टाक वं यंदा.”

मी ताटलीत पाणी घातलं. त्यांना ते ऐकू गेलं.

“पानी कायले टाकून राह्यली? पानचट रंगानं बैल उघडा दिसते. शिंगाले कसा देतो आपन? भरून!”

आमच्या ढाणकीकडे पोळ्याला बैलांच्या शिंगांना डब्यातला ऑइल पेंट तसाच फासतात, पावसात टिकावा म्हणून. बाबांनी जन्मभर तेच केलं होतं. मी थोडी हुज्जत घातली, मग वैतागले. म्हटलं, घ्या तुमचा भरून रंग. बैल पांढराशुभ्र झाला, लांबून तर झकास दिसत होता.

दुसऱ्या दुपारी मी तो त्यांच्या हातात दिला. अंगठा कानावर गेला, घुटमळला, डोळ्याकडे आला, परत कानावर गेला. खाच रंगाने बुजली होती. बैलाचे कोरलेले डोळेही सपाट झाले होते.

“हा कोनाचा?”

“तुमचाच बाबा.”

“माहा नाई हा. माहा कोनाले देऊन टाकला तू?”

मी परोपरीने समजावलं. त्यांनी बैल जमिनीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. मग येईल त्याला सांगायचे, पोरीनं भावाचा बैल देऊन टाकला. मला संताप यायचा, त्यांचाही आणि त्या रंगाचाही. दुपारची झोप गेली, जेवण सुटलं. त्यात छातीत कफ भरला. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. त्याचा अर्थ आम्हाला कळला.

मी स्पिरिट आणलं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने रंग सोडवायला बसले. रंगाबरोबर चाकूच्या खुणाही झिजल्या तर, या भीतीने ब्रश हलकाच फिरवत होते. लाकूड उघडं पडलं, खाच शाबूत दिसली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मग ताटलीत थेंबभर रंग घेतला आणि पाणी घातलं. पाणी जास्त झालं, रंग ओघळून बैलाच्या डोळ्यात साचला. टिपून घेतला. पुन्हा कालवला, आधी स्वतःच्या नखावर लावून पाहिला. पहिल्या हातानंतर लाकूड दिसतच होतं. बाबा म्हणतात तसा अगदी पानचट. वाळू दिला, परत दिला, परत वाळू दिला. प्रत्येक वेळी डोळे मिटून अंगठ्याने खाच चाचपली.

बाबांच्या हातात ठेवला. अंगठा कानावर गेला आणि थांबला. मग डोळ्यावर आला. त्यांचा चेहरा सैल पडला.

“आनला का परत?” आवाज जेमतेम निघत होता. “ज्याले दिलता, त्यानं सुखानं देल्ला का?”

रंग, पाणी, खाच, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं.

“हो बाबा. सुखानं देल्ला.”

“आता नको देऊ कोनाले.”

तान्ह्या पोळ्याच्या आधीच बाबा गेले. तिरडी बांधून झाल्यावर सगळे म्हणाले, त्यांचा जीव होता त्या बैलात, ठेव त्यांच्यासोबत. मी मूठ उघडली नाही.