पेटीतल्या बाळाचा काळा दोरा

उज्वला सिस्टरांना टोमॅटो विकणं म्हणजे बिरवाडीच्या भाजीवाल्यांची परीक्षाच. त्या प्रत्येक टोमॅटो बोटाने दाबतात आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजतात. सवयच तशी. महाडच्या एका दवाखान्यात, दिवस भरायच्या आत आलेल्या बाळांच्या खोलीत त्यांची एकोणीस वर्षं गेली. बाळाच्या छातीवर बोट हलकं दाबायचं आणि उचलायचं. पांढरा पडलेला ठिपका ‘एक महाड, दोन महाड’ म्हणेपर्यंत गुलाबी झाला, की रक्त नीट फिरतंय. ‘तीन पोलादपूर’ उजाडलं, तर डॉक्टरांना हाक.

खिशात कात्री. बाळाच्या अंगावर काळा दोरा दिसला की कच्च. दोऱ्याबरोबर जंतू येतात, हे त्यांनी शेकडो आज्यांना सांगितलंय, आणि शेकडो आज्यांनी मान डोलावून पुन्हा दोरा आणलाय.

पोलादपूरच्या वरच्या वाडीतली अक्षदा सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी, तेराशे ग्रॅम. उबेच्या काचपेटीत ठेवलेली. नळीतून थेंब थेंब दूध. ते पचत गेलं तर पुढे बोंडलं आणि घर. नाही पचलं तर मुंबईच्या मोठ्या दवाखान्याची गाडी. अक्षदा अंघोळीला गेली की तिची सासू बनुबाई नातीला छातीशी धरून बसायची.

अकराव्या दिवशी दुपारी सिस्टरांनी दुपटं बाजूला केलं, तर कमरेला दोरा. कात्री निघाली. पण पातं दोऱ्याखाली शिरेना.

“आजी, हा कधी बांधलात?”

बनुबाईने भिंतीवरच्या हात धुण्याच्या चित्राकडे बघितलं. “सकाळच्याला. तू चहाला गेलीस तवा.”

“आणि एवढा घट्ट?”

“घट्ट कशाला बांधीन गो? माजी दोन बोटं जात हुती. नऊ नातवंडं झाली माजी. दोरा मला नको शिकवू.”

सिस्टर ओरडल्या नाहीत, तेव्हा बनुबाई खरी घाबरली.

त्यांनी दोरा जपून कापला, पोटाला टेप लावली. सकाळपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त. दोरा घट्ट नव्हता, पोट फुगलं होतं. नळीतून ओढून बघितलं, तर मागचं दूध न पचता तसंच परत आलं. छातीवर बोट: एक महाड, दोन महाड, गुलाबी. एवढाच दिलासा. डॉक्टर धावत आले, दूध थांबवलं, पोटाचा फोटो काढला. फोटोत वाईट काही दिसलं नाही. “लवकर कळलं ते बरं झालं,” डॉक्टर म्हणाले. “कोणी बघितलं?”

“आजींनी,” सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीने भरपूर शी केली. सिस्टरांनी ते निवडणुकीच्या निकालासारखं जाहीर केलं. पोट उतरलं, दूध पुन्हा थेंबाथेंबाने सुरू झालं. तीन आठवड्यांनी ती बोंडल्याने चुटूचुटू प्यायली आणि ढेकर देऊन झोपली.

निघताना बनुबाईने कनवटीचा नवा दोरा काढला. “आता तरी बांधू?”

“घरी जाऊन. दोन बोटं ढिला. आणि एकच बोट जायला लागलं तर?”

“तर आदी तुज्या दारात,” बनुबाई म्हणाली, “मंग देवाच्या.”

कात्री अजून खिशात आहे. पण हल्ली सिस्टर कापायच्या आधी दोऱ्याखाली बोट सरकवतात आणि आजीला विचारतात, “सकाळी किती बोटं जात होती?”