म्हातारीचा उजवा हात

आमच्या शेजारचे मामा माकडांच्या प्रयोगशाळेत कामाला होते. पिंजरे धुवायचे, खाणे द्यायचे आणि मोजणीच्या दिवशी पिंजऱ्याला फळी लावायची. फळीला लहानमोठे खळगे, त्यांत शेंगदाणे. माकड गजांतून हात काढून दाणा उचली आणि मनगटावरचा पट्टा त्या हाताची हालचाल टिपून घेई. वय वाढते तसा हात कसा मंदावतो, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंना पाहायचे होते. ज्याला दाणा उचलता येईना, त्याला सुई देऊन कायमचे झोपवत.

सगळ्यांत वयस्कर माकडीण म्हणजे ‘म्हातारी’. मामांच्या तोंडी सदा तिचेच नाव. मामी विचारायच्या, “आज सवतीनं काय खाल्लं?”

थंडीत म्हातारीच्या उजव्या हाताची बोटे आखडली. दाणा नुसताच खळग्यात फिरे, चिमटीत येत नसे. ती चिडून फळीवर हात आपटी. मामांना ते बघवेना. ते गुपचूप दाणे सोलून थेट तिच्या तोंडात घालू लागले. हाताला विश्रांती मिळाली की मोजणीपर्यंत सुधारेल, असे त्यांना वाटले.

मोजणीच्या दिवशी मामांनी फळी लावली. म्हातारी पुढे आली, हात मांडीवर ठेवून बसली आणि मामांकडे बघत तिने तोंड उघडले.

“उचल गं बाई,” मामा पुटपुटले. “माझं ऐक एवढं.”

तिने आणखी मोठा आ केला.

“गेला वाटतं हिचा हात,” बाई म्हणाल्या.

“नाही हो! मीच भरवत होतो तिला. तिची सवय मोडली.”

बाई रागावल्या नाहीत. पट्टा सोडताना त्यांनी तिची बोटे उलगडून पाहिली. ती तळव्याकडे घट्ट वळली होती. “हलवत राहिली असती तर इतकी आखडली नसती, मामा,” त्या हळूच म्हणाल्या.

तो रिकामा पिंजरा मामांनाच धुवावा लागला.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. मामींचे सांधे जुने दुखरे. डब्याचे झाकण त्यांना निघत नव्हते. एरवी मामा डबा हातातून काढून घेत. आज ते भिंतीला टेकून नुसते बघत राहिले.

“अहो, सवत रुसली म्हणून माझ्यावर राग का? उघडा की!”

“तूच उघड,” मामा म्हणाले. “थोडा जोर लाव. लाव ना गं.”

झाकण काही निघाले नाही.