चौथी नळी जरा जास्तच स्वच्छ होती

पोरगी फार खूश होती, आणि लामाराला नेमकी तिच्या त्या खुशीचीच काळजी लागून राहिली.

तामता जेवून चारच्या बसने आपल्या खोलीवर परत गेली होती. लामारा ओट्याशी पेले धूत उभी होती. एक पेला तिने तिसऱ्यांदा विसळला, उजेडासमोर धरला आणि तसाच हातात धरून राहिली. काच इतकी लख्ख, की पलीकडची नदी, पूल, पुलावरच्या गाड्या सगळं दिसत होतं.

'आई, चौथी नळी पलीकडचा पेपर वाचावा इतकी स्वच्छ.' दुपारी जेवताना तामता म्हणाली होती. 'एक धागा नाही, एक कण नाही.'

आणि लामाराने त्यावर पेला उंचावला होता. आधी शांततेसाठी, मग गेलेल्या माणसांसाठी, मग लेकरांसाठी असे रिवाजाचे घोट झाले, आणि तामता खुर्चीवरून उठून म्हणाली, "आता चौथ्या नळीसाठी." लामारा हसली आणि काखेती प्रांतातली घरची वाईन तळापर्यंत प्यायली. या घरात ज्याच्या नावाने पेला रिकामा केला, त्याच्याबद्दल मागाहून कुणी शंका काढत नाही.

सदतीस वर्षं लामाराने हेच काम केलं. जिवाणूंना मारणारे विषाणू जपायचे, वाढवायचे, आणि कुणाच्या जखमेवर कुठला लागू पडतो ते शोधायचं. तरुणपणी बादली घेऊन म्टक्वारीच्या काठी जायची, जिथे गावाचं सांडपाणी नदीला मिळतं तिथलं पाणी भरून आणायची. चांगले विषाणू तिथेच सापडत. या वसंतात ती निवृत्त झाली आणि तिच्याच टेबलावर तिची मुलगी बसली. प्रयोगशाळेचे प्रमुख ओतार म्हणाले होते, "लामारा, हात बदलला तरी नजर घरातलीच राहील."

तामता सहा-सात वर्षांची असताना सुट्टीच्या दिवशी तिथेच खेळायची. एकदा तिने विचारलं होतं, "एवढासा विषाणू एवढ्या मोठ्या जिवाणूला मारतो कसा?"

"बाहेरून मारतच नाही," लामारा म्हणाली होती. "अंगाला चिकटतो आणि आपला धागा आत सोडतो. मग तो खुळा जिवाणू स्वतःचं काम सोडून पाहुण्याचीच पिल्लं घडवत बसतो. बाहेरून काही कळत नाही. आत शंभरएक पिल्लं तयार झाली, की ठरल्या घटकेला आतल्या पातळ पडद्याला भोकं पडतात. तोवर आत अडकलेला एक रस त्या भोकांतून बाहेरच्या भिंतीपर्यंत पोचतो आणि भिंत कुरतडतो. भिंत गेली, की आतला दाब आवरत नाही. फाट्‌दिशी फुटतो."

"आधीच का नाही फोडत?"

"आधी फोडला तर पिल्लं कच्ची. फार उशीर केला तर आजूबाजूची सावजं निसटून जातात."

"आणि मेलेला जिवाणू कुठे जातो?"

"कुठे जाणार? तिथेच. चिंध्या, धागे, फेस. जिथे मारामारी झाली तिथे काहीतरी सांडलेलं असतंच, पोरी. नळी तिरकी करून बघ, बारीक तार सुटते."

हे तिनेच शिकवलं होतं. आणि दुपारी टेबलावर ते दोघींनाही आठवलं नव्हतं.

लामाराने पेला उपडा ठेवला. हात पुसून शाल घेतली आणि खाली उतरली. घरात बसवेना.

गल्लीच्या तोंडाशी तळघरात शाल्वाची पावाची भट्टी होती. शाल्वा स्वतः भट्टीपाशी नव्हता. दाराशी खोक्यावर डावा पाय टाकून बसला होता, टाचेला जाड पट्टी. आत त्याची बायको जुजुना भट्टीत वाकून लांबट पाव भिंतीला थापत होती.

"ये, ये," शाल्वा म्हणाला. "तुझ्या लेकीने माझ्यासाठी शिकारी कुत्रा शोधलाय म्हणे. चार नंबरचा."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. बसला जाताना. उद्या सकाळी बाटल्या भरणार, परवापासून जखमेवर ओतायचं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात दोन आठवडे थांबतो, मग घोट्यापासून खाली काढतो. त्यातले चार दिवस गेले." त्याने पायाकडे दुसऱ्याच्या पायाकडे बघावं तसं बघितलं. "जुजुना म्हणते, एका पायाने नाचशील तर लग्नकार्यात आपली अब्रू जाईल."

"दोन पायांनी नाचून कधी राहिली होती?" आतून जुजुना म्हणाली. "लामारा, हा पाव घे. गरम आहे, तोंड भाजेल."

पाव छातीशी धरून लामारा चालत सुटली. चार दिवस गेले. चौथीतला विषाणू चुकीचा असला तर उरलेले दिवस तो जखमेवर नुसता पाण्यासारखा वाहून जाणार, आणि मग दोन आठवडे पुरे.

पुलापर्यंत ती आली, परत फिरली, पुन्हा पुलापर्यंत गेली. तामताचं बोलणं ती एकेक शब्द पुन्हा ऐकत होती. एकूण सात नळ्या. सहांत शाल्वाच्या जखमेतले जिवाणू आणि एकेक वेगळा विषाणू, सातवीत नुसते जिवाणू. सातवी गढूळ झाली, म्हणजे जिवाणू जिवंत होते. चौथी स्वच्छ राहिली. आणि दुसरी? दुसरीबद्दल तामता नाक मुरडून म्हणाली होती, "दुसरी घाणेरडी. आधी गढूळ झाली, मग अर्धवट निवळली, आत चिंध्या लोंबत होत्या. ती मी बाजूलाच केली."

लामारा कठड्याला धरून उभी राहिली. चिंध्या लोंबत होत्या. म्हणजे दुसरीत जिवाणू फुटले होते. आणि चौथीत काही फुटलंच नव्हतं, कारण फुटायला काही घातलंच नव्हतं.

पण पोरगी विसरली कशी? नळीत जिवाणू सोडला, की ती मागच्या रांगेत सरकवायची. लामाराच्या हाताची ती सवय तामताने उचलली होती. मग तिला दुपारचं आणखी एक वाक्य आठवलं, हसत म्हटलेलं. "शुक्रवारी तुझा फोन आला ना, तेव्हा मी मधेच होते. चौथी हातात. ठेवली कुठेतरी आणि तुझं 'जेवलीस का' ऐकत बसले. कामाच्या वेळी फोन करत जाऊ नकोस, आई."

कुठेतरी म्हणजे मागच्या रांगेत, जिवाणू न सोडताच. लामाराने शुक्रवारी तीनदा फोन केला होता. जेवलीस का. थंडी आहे, स्वेटर घातलास का. रविवारी राजमा करू का.

एक गोष्ट तामताला ठाऊक नव्हती, कुणालाच नव्हती. त्र्याण्णवच्या हिवाळ्यात शहरात वीज नव्हती. नळ्या उबेला ठेवायला जागा नसायची, म्हणून बायका त्या कापडात गुंडाळून पोलक्यात ठेवत आणि कोटासकट झोपत. तेव्हा मेणबत्तीच्या उजेडात लामाराने एक स्वच्छ नळी बघितली आणि आनंदाने रडली. स्वच्छ म्हणजे स्वच्छ. औषध गेलं, काही झालं नाही, आणि रेल्वेतल्या एका बाईची दोन बोटं कापावी लागली. लामारा म्हणाली, जिवाणू चिवट होता. सगळ्यांनी मान डोलावली. चिंध्या नव्हत्या हे दुसऱ्या दिवशीच तिच्या लक्षात आलं होतं. तेव्हापासून प्रत्येक नळी ती तिरकी करून बघायची, आणि सगळे म्हणायचे, लामाराची नजर बघा.

ती घरी आली. पाव टेबलावर ठेवला, कापला नाही. फोन हातात घेतला आणि ओतारांचा नंबर काढला. त्यांना सांगितलं तर काम आजच होईल. ते स्वतः जाऊन दुसरी नळी बघतील. पण उद्या, सोमवारी सकाळी तामता आत शिरेल तेव्हा तिच्या टेबलावर दुसऱ्याच कुणाचे हात असतील, आणि ते आईने घडवून आणलेलं असेल. सात महिन्यांच्या नोकरीत.

तिने नंबर मागे सारला. दुसरी नळी अजून शीतकपाटात असेल, शनिवारी ती फेकायचं तामताच्या हातून राहून गेलं असेल तर. राहून गेलं असलं तर बरं. त्या पोरीची पसाऱ्याची सवय आयुष्यात एकदा तरी कामाला येऊ दे.

उद्या आठला बाटल्या भरायला सुरुवात होणार होती. आता सहा वाजत आले होते. तामता भडकेल. म्हणेल, तुला माझ्यावर विश्वासच नाही, प्यायलीस ना पेला, मग? म्हणेल, पुन्हा फोन.

म्हणू दे. लामाराने मनाशी ठरवलं: आधी चौथ्या नळीचं बोलायचंच नाही. आधी त्र्याण्णवची गोष्ट सांगायची, बोटांसकट. मग शुक्रवारचे तीन फोन आपल्या पदरात घ्यायचे. आणि मग विचारायचं, दुसरी फेकलीस का.

तिने खुर्ची ओढली, बसली, आणि मुलीचा नंबर लावला.